दीड वीत तार

जरा माझ्याबरोबर चला. डोळे मिटायची गरज नाही, वाचता वाचताच येता येईल. आष्ट्याच्या अलीकडे उसाच्या दोन फडांमधून एक पायवाट जाते. उसाचं पान हाताला कापतं, म्हणून कोपर वर धरून चाला. वाट संपते तिथे मातीचा उंच बांध आहे, बांधावर तारेचं कुंपण आणि कुंपणाच्या आत शेततळं. काळा प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी उतरत पाण्यात गेलाय. कोरडा असला की तव्यासारखा तापतो आणि ओला झाला की साबणासारखा निसटतो. त्या कागदावर पाय ठेवू नका. पोहता येत असलं तरी ठेवू नका, कारण आत गेलेल्या माणसाला वर यायला धरायला काहीच नसतं. इथेच कुंपणाच्या दाराशी थांबा आणि पाण्याकडे बघा.

पाणी शांत आहे. ऑक्टोबरचं ऊन त्यावर पसरलंय. आता पलीकडच्या कोपऱ्यात 'चप्' असा आवाज झाला. ऐकलात? एक चपटं डोकं वर आलं, तोंडभर हवा घेतली आणि गेलं. मोठ्या माणसाच्या तळहाताएवढं तरी असेल ते.

ती मरळ. तिला इतर माशांसारखं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. थोड्या थोड्या वेळानं वर येऊन हवा घ्यावीच लागते. जबड्यात तिला दात असतात, काट्यांसारखे, आत वळलेले. आत गेलेलं भक्ष्य बाहेर येऊ नये म्हणून ते तसे असतात. मागे कधीतरी ओढ्याचं पाणी मोटारीनं तळ्यात सोडताना पाइपाच्या तोंडाला जाळी लावायची राहिली आणि बोटभर मरळ आत आली. आली आणि वाढली.

हे तळं आक्काताईंचं. त्या तळ्यात रोहू-कटला पाळतात. मागच्या वर्षी त्यांनी बोटाएवढी पिल्लं सोडली. अशा पिल्लांना बोटुकली म्हणतात. दिवाळीपर्यंत त्यातली निम्मीही उरली नाहीत, आणि उन्हाळ्यात जाळं टाकलं तेव्हा हाताला लागली ती मूठभर. जाळ्यात मरळ मात्र सापडली नाही. जाळं जवळ आलं की ती त्यावरून उडी मारते, नाहीतर तळाच्या गाळात शिरते. तळं उपसून काढावं तर लावणीच्या उसाला ठिबकनं द्यायचं पाणी जाणार.

आणि आज दुपारी नवीन बोटुकली यायची होती. साताऱ्याकडून टेम्पो निघालाही होता. पाण्याच्या आणि ऑक्सिजनच्या फुगवलेल्या पिशव्या, त्यात हजारो पिल्लं. पिशवीतला ऑक्सिजन काही तासांचाच असतो. टेम्पो आला की पिल्लं सोडायलाच लागतात. त्याच्या आत मरळ बाहेर आली नाही, तर ती पिल्लं तिच्या तोंडी जाणार.

सकाळी, टेम्पो निघण्याआधी, आक्काताई तो रद्दच करणार होत्या. त्यांच्या भावाची मुलगी क्रांती, सहावीत शिकणारी, मध्ये पडली.

"आत्या, नको ना सांगूस. मी धरते ती."

"तू? दोनदा धरलीस की! दोन गळ घेऊन गेली ती. कानात घालून मिरवत असंल आता."

"या बारीला न्हाई जायची."

आक्काताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि फोन खाली ठेवला. का ठेवला, ते त्यांनाच ठाऊक. पण त्या क्षणापासून येणारं प्रत्येक पिल्लू क्रांतीच्या शब्दावर येत होतं आणि हे क्रांतीला नीट कळलं होतं.

दोन्ही वेळा काय झालं होतं, ते सांगतो. काठी चांगली होती, गळ चांगला होता, दोर चांगला होता. दोर म्हणजे नायलॉनचा, आपण त्याला तंगूस म्हणतो. मरळीनं आमिष गिळलं, एकदा मान फिरवली आणि तंगूस गळाजवळ तुटला. टोक पाहिलं तर कुरतडल्यासारखं, पांढरं आणि खरबरीत. म्हणजे प्रश्न सगळ्या दोराचा नव्हता. प्रश्न गळाच्या लगतच्या, दातांत सापडणाऱ्या दीड वीत तुकड्याचा होता. शहरातले हौशी लोक त्याला लीडर म्हणतात. आपल्याकडे त्याला वेगळं नाव नाही.

तो तुकडा कशाचा करायचा, हे ठरवायला शेजारच्या मळ्यातले लालासाहेब आले होते. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, मिशा पांढऱ्या आणि आवाज अजून परेड मैदानावरचा. त्यांनी आधी क्रांतीच्या कमरेला जाडजूड दोर बांधला, त्याचं टोक कुंपणाच्या लोखंडी खांबाला बांधलं आणि मगच तिला दाराच्या आत घेतलं.

"बोल जवान. काय काय सामान आणलंस?"

क्रांतीनं गोणपाटावर मांडलं. जाड तंगूस. तिच्या बाबांनी कुपवाडच्या वर्कशॉपमधून आणलेला मोटरसायकलच्या क्लच केबलचा जुना तुकडा. आणि मिरजेच्या एका ओळखीच्या कारागिराकडून आणलेली तंबोऱ्याची तार, वेटोळं करून कागदात गुंडाळलेली.

"ह्यातली कुठली?" लालासाहेबांनी विचारलं.

"सगळ्यात जाड. क्लचची. ती कशी तुटंल?"

"तुटायची न्हाईच. पण बघ."

त्यांनी बादलीतल्या जिवंत चिलापीला गळ लावला. चिलापी म्हणजे कॅनॉलात मिळतो तो छोटा मासा, तेच आमिष होतं. गळाला अख्खी केबल जोडली आणि चिलापी परत बादलीत सोडली. ती सरळ तळाला गेली आणि आडवी पडली. केबलच्या वजनाखाली तिला शेपटीही हलवता येईना.

"मरळ काय मेलेलं खाती व्हय? ती पळत्याच्या मागं पळती. आता ही तंबोऱ्याची घे."

ती तार बारीक होती आणि चिलापी तिच्याबरोबर मजेत फिरू लागली. क्रांतीचा चेहरा उजळला. लालासाहेबांनी तार बाहेर काढली, तिला बोटानं एक बारीक मुरड पाडली आणि ती सरळ करायला क्रांतीच्या हातात दिली. तिनं ओढली. तार मुरडीतच कट्कन तुटली.

"एकच धागा हाय तिच्यात. मासा लोळला, मुरड पडली की संपलं."

क्रांतीनं तंगुसाकडे पाहिलं, तंबोऱ्याच्या तुकड्यांकडे पाहिलं, मग केबल उचलून तिचं टोक उन्हात धरलं. केबलच्या आत कितीतरी बारीक तारा पिळलेल्या दिसत होत्या.

"काका, ही उसवली तर? ह्यातल्या तीनच तारा घ्यायच्या आन् परत पिळायच्या. हलक्या बी होतील आन् एकीला मुरड पडली तरी दोन राहतील."

लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "कर मग. मी बसलोय."

तेवढ्यात आक्काताईंचा फोन वाजला. टेम्पोवाला कपिल बोलत होता. "आवं ताई, पेठ नाक्यावर आलोय. तळं तयार ठेवा, ऊन लय हाय."

पेठ नाका म्हणजे फार लांब नाही. क्रांतीनं कमरेचा दोर सोडला, केबल उचलली आणि मोटारीच्या खोलीकडे धावली.

तारा उसवणं सोपं गेलं. टोकाला गळ अडकवण्यासाठी फासा करायचा होता, तो काही होईना. तार वाकवली की परत उसळून सरळ व्हायची, बोटाला टोचायची. वेळ चालला होता. मग तिला वर्कशॉप आठवलं. बाबांच्या तिथे लोखंड वाकत नसलं की आधी तापवतात. ते तिनं कितीदा तरी पाहिलं होतं. खोलीत चहाची शेगडी होती. तिनं आत्याला विचारून ती पेटवली, पक्कडीनं तारा धरल्या आणि लाल होईपर्यंत जाळावर फिरवल्या. दोन्ही टोकं, मग मधला भागही, म्हणजे पीळ छान बसेल. गार झाल्यावर तारा लोण्यासारख्या वळल्या. असा देखणा फासा तुम्ही पाहिला नसेल.

ती तो घेऊन अभिमानानं आली. लालासाहेबांनी तो वळवून पाहिला. काळपट रंग पाहिला. गळ कुंपणाच्या खांबाच्या कडीत अडकवला आणि दुसरं टोक एका काठीला गुंडाळून काठी तिच्या हातात दिली.

"ओढ. मरळ वडती तसं."

क्रांतीनं अंग मागे टाकून ओढलं. फासा हळूच लांब झाला, उलगडला आणि सुटला. ती मागच्या मागे मातीत बसली.

"काय झालं?" तिनं मातीतूनच विचारलं.

"तापवलीस नव्हं?"

"बाबांच्यात तसंच करत्यात."

"बाबा पट्ट्या वाकवतो, पट्ट्यांचं चालतंय. ही तार येगळी. लोहार विळ्याला पाणी देतो का न्हाई, धार टिकावी म्हणून? तसं हिला बी कारखान्यात पाणी दिल्यालं असतंय. त्याच्यावरच तिचा ताठपणा. जाळावर धरलीस आन् तिचं पाणी उतरलं. आता ही नुसती बांधकामाची तार."

"दुसऱ्या तारा?"

तिनंच उत्तर दिलं, मान खाली घालून. "सगळ्याच तापवल्या मी."

आक्काताई बांधावरून म्हणाल्या, "मी फोन करू का त्याला? परत जा म्हणून?"

"परत जाऊन पिल्लं जगतील का, आत्या?"

आक्काताईंनी फोन कमरेला खोचला. तेच उत्तर होतं.

लालासाहेब उठले. बांधाखाली त्यांची मोटरसायकल उभी होती, रोज पुसून चकचकीत ठेवलेली. त्यांनी पाना काढला आणि हँडलजवळ वाकले.

"काका! आवं, तुमची चालती गाडी हाय ती!"

"मग काय बंद गाडीचं क्लच काढू? जाताना ढकलत न्हेईन. ढकलायला तू येशील. चल, पक्कड धर. आणि शेगडीकडं बघायचं बी न्हाई."

या वेळी गार तारा. क्रांतीनं तीन तारा पिळल्या, घाई न करता, प्रत्येक वळसा आधीच्या वळशाला चिकटवून. फासा करताना तार उसळली, बोट फुटलं, रक्त आलं. तिनं ते फ्रॉकला पुसलं आणि तार पक्कडीत परत धरली. फासा ओबडधोबड झाला. तिनं स्वतःच गळ खांबाच्या कडीत अडकवला, काठी गुंडाळली आणि ओढलं. धरला. आणखी जोरात ओढलं. खांब हलला, फासा हलला नाही.

लालासाहेबांनी तिच्या कमरेला दोर पुन्हा बांधला. चिलापी तारेसकट पाण्यात गेली आणि थर्माकोलच्या तरंग्याखाली फिरू लागली. मरळ नेहमी जिथे वर येते, त्या कोपऱ्याजवळ क्रांतीनं ती सोडली होती. उसातून वारा गेला. लांब आष्ट्याच्या रस्त्यावर एक ट्रॅक्टर गाणी लावून गेला आणि आवाज विरला.

तरंगा थरथरला. मग नाहीसा झाला.

"थांब," लालासाहेब पुटपुटले. "गिळू दे. गिळू दे... आता!"

काठी अशी वाकली की क्रांतीचे दोन्ही हात खाली गेले. पाणी फुटलं. काळीभोर पाठ, पांढरं पोट, पुन्हा काळी पाठ. मरळीनं मान झटकली. एकदा, दोनदा. आधी याच झटक्याला दोर तुटला होता. या वेळी काही तुटलं नाही.

"धरली!" आक्काताई ओरडल्या. "धरली गं माझ्या बाई!"

मरळ खाली गेली, सरळ कोपऱ्याकडे. तिथे पाण्याखाली कागदाची एक मोठी घडी पडलेली आहे, चादरीला पडते तशी. मरळ त्या घडीच्या पलीकडे शिरली आणि ओढू लागली. क्रांती अलीकडून ओढू लागली. आणि तिच्या हाताला काहीतरी वेगळं लागलं.

झटके नव्हते. घासल्यासारखं होतं. बारीक, एकसारखं, करवतीसारखं. काठीतून ते तिच्या कोपरापर्यंत येत होतं.

तिनं पाण्यात निरखून पाहिलं. तार घडीवर चढली होती. मरळ हलली की तार पुढे जायची, क्रांतीनं ओढलं की मागे यायची. काळ्या कागदावर एक करडी रेघ उमटली होती.

समजलं ना काय होत होतं? तंगूस असता तर कागदावरून नुसता घसरला असता. तार दातांना पुरून उरली होती, पण कागदाला तीच कापत होती. कागद फाटला की तळं गळणार. मग पाणी जाणार, आणि पाण्याबरोबर सगळंच.

"वड की गं!" आक्काताई ओरडल्या. त्या उभ्या होत्या तिथून रेघ दिसत नव्हती.

"ढील देऊ नको!" लालासाहेब ओरडले. "ढील दिली की गळ झटकून टाकती ती! जवान, ढील न्हाई!"

आणि नेमका त्याच वेळी बांधाखाली टेम्पोचा हॉर्न वाजला. कपिल धावत वर आला, हातात फुगलेली पिशवी. "आवं ताई, पिशव्या गरम व्हायल्यात. पिल्लं वर वर याय लागलीत. सोडू का?"

"थांब रं बाबा!"

"किती थांबू? मरतील की!"

क्रांतीच्या डोळ्यांत घाम गेला होता. करर, करर, काठीतून येतच होतं. ओढावं तर कागद जातो. सोडावं तर मरळ जाते. तिनं ओठ दाताखाली धरला.

मग तिनं काठी पुढे झुकवली आणि गळाचा दोर सैल सोडला.

"अगं ए!" लालासाहेबांच्या तोंडून निघालं.

"काका, कागद कापतोय," ती म्हणाली. "तारेनं कागद कापतोय. ओढाय नको. ती वर येईल. हवा घ्यायला तिला वर यावंच लागतंय. लय पळालीय ती, लवकर येईल."

"आन् गळ झटकला तर?"

क्रांतीनं तरंग्यावरची नजर हलवली नाही. तिलाही ते माहीत नव्हतं.

दोर पाण्यावर निवांत पडला. तार घडीवरून घसरून खाली गेली. तरंगा कोपऱ्यात नुसता हलत राहिला. कपिलनं पिशवी उन्हातून सावलीत घेतली आणि तिच्यावर स्वतःचा टॉवेल टाकला. लालासाहेबांनी गोणपाट ओलं करून कागदाच्या काठावर अंथरलं आणि तिथेच उकिडवे बसले.

तरंगा सरकला. घडीच्या अलीकडे आला. आणखी थोडा. पाण्याखालून एक बुडबुडा आला, मग दोन.

'चप्.'

चपटं डोकं वर आलं. जबड्याच्या कोपऱ्यात तार चमकली. गळ होता. क्रांतीनं झटका दिला नाही. मरळीला घोटभर हवा घेऊ दिली आणि डोकं वर असतानाच, काठी आडवी धरून, एकेक पाऊल मागे जाऊ लागली. घडी आता मरळीच्या मागे राहिली होती. मरळ दमली होती. ती ओल्या कागदावरून घसरत गोणपाटावर आली, तसा लालासाहेबांनी गोणपाटाचा दुसरा पदर तिच्यावर टाकला आणि दोन्ही गुडघ्यांनी दाबून धरलं. गोणपाटाखालून शेपटी फाड् फाड् आपटत राहिली.

"आयला! ही तर माझ्या वजनाची हाय!" ते ओरडले. "कपिल, बघतोस काय, पोतं आण!"

"पिशव्या सोडू का आदी?" कपिल म्हणाला.

"सोड, सोड," आक्काताई डोळे पुसत म्हणाल्या.

"थांबा!" क्रांती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं कमरेचा दोर ओढून पाहिला, गाठ पक्की होती. "काका, दोर धरा," असं म्हणून ती काठावर पालथी झोपली, कोपऱ्याच्या बाजूला सरकली आणि हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला. घडी सापडली. ती करडी रेघ तिच्या बोटांना लागली, खरबरीत, ओरखड्यासारखी. बोटं रेघेवरून सावकाश खाली गेली, मग वर आली, मग परत खाली. नख कुठे आत जातंय का, कुठे चीर लागतेय का, ते ती पाहत होती. कपिल एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

नख कुठेच आत गेलं नाही.

क्रांती उठली. कोपरापर्यंत शेवाळ, बोटावर सुकलेलं रक्त. तिनं कपिलच्या हातून पहिली पिशवी घेतली. गरम पिशवीतली पिल्लं एकदम गार पाण्यात सोडली तर दगावतात, हे आत्यानंच तिला शिकवलं होतं. म्हणून तिनं पिशवीचं तोंड सोडलं नाही. पिशवी तशीच बंद, अलगद पाण्यावर ठेवली, आणि ती वाहून जाऊ नये म्हणून तिची गाठ मुठीत धरून, आतलं पाणी तळ्याइतकं गार होईपर्यंत, काठाशी बसून राहिली.